सिलिंडरच्या तारखा

फोंड्याच्या दुकानात पाच हिरवे दाखवले मला.
एक शेवाळाचा, एक बाटलीचा,
एक असा, की त्याला हिरवा म्हणायला दुकानदारही कचरत होता.
प्रेमानंद व्हिडिओवर, सिंगापूरच्या अलीकडे कुठंतरी.
म्हणाला, निळा घे, समुद्रासारखा.
म्हटलं, समुद्र तुझ्याकडे आहे ना.
मला बाटलीचा पुरे.

सोमवारी बोरीत आला मौनेश,
सोबत शरणू आणि पाण्यावर चालणारं कटर.
गदगकडचा माणूस. बोलतो कोंकणीत, मोजतो कन्नडमध्ये,
ओठ हलतात, आवाज नाही.
ओट्यावर लेव्हल ठेवली,
बुडबुडा जरा डावीकडे सरकून बसला.
"ओटा चार मिलीमीटर खाली गेलाय, बाई."
एकोणीस वर्षं याच ओट्यावर रांधते मी,
हुमण कधी डावीकडे गेलं नाही.
पण बोलले नाही.

"सिरॅमिक असती तर चाललं असतं," तो म्हणाला,
"काच आतलं दाखवते.
गमाची रेघ, हवेचा फोड, भिंतीवरचा डाग.
मागं पांढरं पाहिजे, एकदम पांढरं."
आणि शेगडीजवळचं कॅलेंडर खिळ्यासकट काढलं.

खाली तारखा.
सिलिंडर लावल्याच्या, पेन्सिलीनं, माझ्या अक्षरात,
वरून खाली, काही फोडणीनं पिवळ्या पडलेल्या.
शरणू वाचायला लागला. सतरा-अठराचं पोर.
"इथं ऐंशी दिवस चालला, इथं एकतीस.
गॅस गळत होता काय?"
मौनेश त्याला कन्नडमध्ये काहीतरी बोलला. एकच शब्द.

नव्हता गळत.
एकतीस म्हणजे हा घरी होता.
सकाळी तीनदा चहा, दुपारी तळलेलं इसवण,
रात्री अकराला, शिरा कर गो.
ऐंशी म्हणजे एक वेळचा भात
आणि रात्री त्याचीच पेज.
एकशे सतरा त्या वर्षीचे,
बंदरं बंद होती, आणि जहाजाला
उतरवून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

ब्रश हातात धरून मौनेश थांबला होता.
"फोटो काढून घ्या, पाहिजे तर."
मला वाटलं, याच्याही घरी कुणी असं लिहीत असेल.
हे आपलं माझं वाटणं.
तो तंबाखूची डबी शोधत होता.
फोटो काढला. हलला.

मग दातेरी थापीनं त्यानं गम ओढला,
भिंतभर रेघा उठल्या, नांगरल्यासारख्या,
आणि थापी उलटी करून त्याच रेघा सपाट पुसल्या.
मग पाडल्या कशाला?
"माप कळतं ना बाई. किती लागलं ते."

स्विचबोर्डापाशी तीन टाइल्स फुटल्या.
चौथी त्यानं इतकी हळू कापली
की मी शेजारी उभी राहून श्वास धरला,
आणि शरणू हसला मला.
चार मिलीमीटर कुठं गेले विचारू नका.
सगळ्यात खालच्या ओळीत, थोडे थोडे वाटून,
आता मलाही सापडत नाहीत.

बुधवारी फटी भरल्या. गुरुवारी कोरड्या फडक्यानं
वरची धुरकट साय पुसली, आणि भिंत
बाटलीसारखी उजळली.
हिशोब दिला, सोबत फुटलेल्या तिघींचेही पैसे. त्यानं घेतले नाहीत.

शनिवारी सिलिंडर संपला.
नवा लावला, सवयीनं पेन्सिल उचलली.
काचेवर ती नुसती घसरते,
नखानं ओढल्यासारखा आवाज करते.
ओट्याखालचं दार उघडलं
आणि आतून, बिजागरीजवळ, लिहिली तारीख.

रात्री त्याचा फोन. दाखव ना, म्हणाला.
फोन भिंतीकडे वळवला.
काचेत मी दिसले, हातात फोन धरलेली,
आणि फोनमध्ये तो, टाइलएवढा, हिरवा,
अगदी शेगडीच्या वर.
"तू मधे येतेयस," तो म्हणाला,
"जरा बाजूला हो. भिंत बघू दे."