क्रॉस केबल

रोलमध्ये उरली होती जेमतेम दोन मीटर वायर.
सुट्टीच्या सोमवारी उद्यमनगरात
तेवढ्यासाठी कोण दुकान उघडतंय?
मी म्हटलं, टेबलं सरकवा.

आदगोंडा आणि जिनगोंडा, सख्खे भाऊ.
नऊ महिने बोलणं निरोपानं,
निरोप्या भट्टीवरचा इसाक.
दोघांनी दोन बाजूंनी टेबल उचललं,
नजर मात्र टेबलाच्या पायांकडे.

ओतशाळेची वाटणी झालीय.
शेड थोरल्याला, गोकुळ शिरगावचा प्लॉट धाकट्याला.
भट्ट्या, क्रेन, मोल्डिंगची वाळूसुद्धा घमेल्यांनी मोजून.
राहिलीत ती फक्त पॅटर्नची ड्रॉइंगं.
ती निम्मीनिम्मी होत नाहीत,
दोघांनाही अख्खीच लागतात.

मी वायरचं सालपट काढलं.
आठ तारा, चार जोड्या, एकमेकींना पीळ घालून.
कामाला दोनच जोड्या, बाकीच्या नुसत्या सोबतीला.
या टोकाला नारिंगी आधी,
त्या टोकाला हिरवी.
सरळ जोडलं तर दोघंही एकाच तारेवर बोलत सुटतात
आणि ऐकायच्या तारेवर काहीच येत नाही.
म्हणून मधेच अदलाबदल:
याचं तोंड त्याच्या कानाला,
त्याचं तोंड याच्या.
हे मी मोठ्यानं सांगितलं नाही.
पक्कड दाबली. दोनदा कट्ट वाजलं.

मग पत्ते. सगळे आकडे सारखे,
फक्त शेवटी एकाला एक, एकाला दोन.
"एक कुणाला?" जिनगोंडानं भिंतीला विचारलं.
मशीनला फरक पडत नाही, मी म्हटलं,
आणि दाराजवळच्याला एक देऊन मोकळी झाले.

दिवे लुकलुकले. हिरवी पट्टी सरकायला लागली.
चाळीस मिनिटं, म्हणत होती.
इसाकनं चहा आणला
आणि न्यायला निरोप नाही म्हणून
ट्रे धरून दारातच उभा राहिला.

अकराव्या मिनिटाला पट्टी थांबली.
याच नावाची फाइल इथे आधीच आहे. बदलायची?
सहा इंची पंपाचं केसिंग.
दोघांकडे तेच नाव, तारखा वेगळ्या,
मापात अर्ध्या मिलीमीटरचा फरक.
कुठली ठेवायची, मी विचारलं.
पंखा फिरत राहिला.

"त्येची ठेवा," आदगोंडा म्हणाला.
"माझ्या मापाचे चौदा नग परत आल्ते."

जिनगोंडानं बशीत चहा ओतला,
फुंकला, प्याला नाही.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"पंधरा."

पुढं अशा एकवीस फायली निघाल्या.
पडद्यावर बटण होतं,
सगळ्यांना एकदमच 'होय' म्हणायचं.
मी त्याला हात लावला नाही.
शेडमध्ये दिवा लावायची वेळ होईतो
एकेक फाइल विचारत बसले.