घडी

मे महिना, पाचपावली. कूलरची मोटर घरघरते,
वाळ्याच्या ताट्यांतून ओला वास येतो,
आणि समोर अकरा हजार दोनशे ओळी:
विणकर सोसायटीचं जुनं सभासद रजिस्टर,
कोनी कंसांत भरलेलं.
सभासदाच्या पोटात माग, मागाच्या पोटात सूत,
सुताच्या पोटात तारीख, वजन, सही किंवा अंगठा.
इतकं आत, की सरकत सरकत
ओळ स्क्रीनबाहेर पडते.

स्क्रोल करून बोट दुखलं
तेव्हा सेटिंगची फाइल उघडली.
दोनच ओळी लिहायच्या होत्या:
घड्या घाल.
टॅग पाहून घाल, समास पाहून नको
(टाइप करणारे हात चार होते,
चौघांचे समास चार).
मग तीन कळा एकदम दाबायच्या
आणि दुसऱ्या पातळीपासून सगळं मिटणार.

दाबल्या.
पंचाहत्तर नावं नीट आली, मग डोमाजी नंदनवार,
त्यांच्या बाजूला अधिकचं चिन्ह
आणि खाली काहीच नाही.
सव्वातीनशे माणसं डोमाजींच्या पोटात!

"काय करून राहिला बे इतक्या रात्री?"
"घड्या घालून राहिलो, आई."
"मग त्या चादरींच्याही घाल ना."

ओळ दोन हजार एकशे सात.
सूत नेलं: सहा किलो.
सूत परत: आणि पुढे कोरं.
टाइप करणाऱ्या पोरीनं टॅग उघडला,
रजिस्टरात उत्तर मिळालं नाही,
म्हणून बंदच केला नाही.
मला तरी ही चूक वाटली नाही.
पण यंत्राला रिकामी खोली चालते,
उघडं दार चालत नाही.
मी एक तिरपी रेघ दिली.
डोमाजी मिटले, आणि त्यांच्यातून बाहेर
हेडाऊ, कोहाड, सोनकुसरे, धकाते
रेशनच्या रांगेत लागावे तसे लागले,
त्यांत पराते गणपत, म्हणजे बाबा,
एका ओळीचे. कडेला बारीक बाण.
बाण दाबला नाही मी.

लुगडं वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलं
तर घडीवरच विरतं, असं आईचं म्हणणं.
दर दिवाळीला ती पेटीतलं एक काढते,
दुसऱ्या अंगानं घडी घालते,
परत ठेवते.
नेसत नाही.

सकाळी फाइल उघडली
तर सगळ्या घड्या मोडलेल्या.
अकरा हजार ओळी, काल होत्या तशाच पसरलेल्या.
काय मिटलं होतं ते लक्षात ठेव,
हे एडिटरला वेगळं सांगावं लागतं म्हणे.
तिसरी ओळ.
चहा झाला की लिहितो.
तोवर नजर जाते ती जातेच, बाबांच्या नावाखाली:
चौदा मार्च, तीन किलो, अंगठा.

अंगठा?
बाबांना तर सही येत होती.