जानेवारीतली माती

आमच्याकडे, सस्कॅच्वानच्या उत्तरेला,
जानेवारीत जमिनीचं लोखंड होतं.
पहार मारली तर ठिणगी उडते, ढेकूळ निघत नाही.
आणि माणसं नेमकी जानेवारीतच जातात,
हे दीदोने मला सांगितलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते.
ट्रकमध्ये मागे गव्हाचा पेंढा, कोळशाची दोन पोती,
वाकलेला एक पत्रा,
आणि पुढे, आम्हा आजा-नातीच्या मध्ये,
थर्मासभर बीटचं सूप.

आदल्या संध्याकाळी जायचं.
बर्फ खरवडायचा माणसाच्या मापाने.
टेप त्याने कधी वापरली नाही.
"पानास ना? उंच होता तो. वीतभर वाढव."
पेंढा, त्यावर कोळसा, वर पत्रा उपडा,
आणि काडी.
रात्रभर विस्तव खाली खाली मुरायचा.
सकाळी फावडं घातलं की माती वाफाळत यायची.
"बघ," तो म्हणायचा, "अंथरूण गरम केलं."

ओनुफ्री ह्रिंचुक.
वीस मैलांत पोराटोरांना माहीत असलेलं नाव,
आणि बँकेतल्या बाईला कधीच धड न लिहिता आलेलं.

दर रविवारी पहाटे चारला
तो चर्चची शेगडी पेटवायला निघायचा.
"देवाला थंडी वाजत नाही," आजी पांघरुणातून कुरकुरायची.
"त्याच्या म्हाताऱ्यांना वाजते," दीदो बूट चढवत.
स्तोत्रं सगळी तोंडपाठ, सूर एकाचाही नाही.
प्रवचनाला हमखास डुलकी.
धान्याच्या कोठाराला लावून उरलेला चंदेरी रंग
त्याने घुमटाला फासला होता;
ऊन पडलं की दोन्ही सारखेच चमकायचे
आणि लांबून कुठलं कुठलं ते कळायचं नाही.

शनिवारी सहाही लेकरांना फोन. शहरांत पांगलेली.
"जेवलात? चर्चला जाता? बरं.
आणखी काही? नाही ना? मग ठेव, पैसे पडतात."
ठेवल्यावर मात्र रिसीव्हरवर हात तसाच.

साधू नव्हता.
बांधावरून यारेमा तारासुकशी अकरा वर्षं अबोला धरला.
एका बाकावर बसायचे, मध्ये एका माणसाची जागा सोडून.
यारेमा गेला त्या रात्री
दीदोने तिसरं पोतं चढवलं ट्रकमध्ये.
मी विचारलं, का.
म्हणाला, "गाडी चालवू दे."

तो गेला जॉर्डनच्या सणाला,
नदीवर कापलेला बर्फाचा क्रूस अजून उभा होता.
शहरातल्या अंत्यविधीवाल्याने सांगितलं,
आमच्याकडे मशीन आहे, वीस मिनिटांत खड्डा.
मेट्रोकाका "हो" म्हणून मोकळा झाला.
मी काहीच बोलले नाही. रडत होते, एवढंच.

पण शनिवारी संध्याकाळी स्मशानाच्या फाटकाशी
सात ट्रक. दिवे चालू, इंजिनं घरघरत.
प्रत्येकात पेंढा.
यारेमाचा मुलगा पोती उतरवत होता, मोजली नाहीत मी.
उणे एकतीस. दोन रात्री लागतील, म्हणाले,
सोमवारपर्यंत होईल.

मापाशी येऊन अडलं.
सगळ्यांची मापं त्याच्या डोळ्यांत होती,
त्याचं कुणाकडेच नव्हतं.
मग आजी माझ्याकडे बघून म्हणाली,
"शेवटी तुझ्याएवढाच राहिला होता गं."
मी बर्फात आडवी झाले.
वर चांदण्या, आणि भोवती
ओळखीच्या बुटांचं रिंगण.
कुणीतरी फावड्याने माझ्या कडेने रेघ ओढली,
हलक्या हाताने, कोट न लागू देता.

पेटवलं.
बसलो. सूप फिरलं, दारूही फिरली.
कुणी त्याच्यासारखंच बेसूर गायलं, मुद्दाम,
आणि हसता हसता पुढचे शब्द विसरलं.
पत्र्याखालून लाल रेष दिसत होती.

मग एकदम लक्षात आलं: रविवार लागला होता.
चावी स्वयंपाकघरात, त्याच्या कोटाच्या डाव्या खिशात.
मी उठले, हात झटकले.
चाराला तीन मिनिटं कमी होती.