शनवारतेली

सित्राच्या रिफायनरीत, रात्रपाळीच्या चहाला
खेडचा मुनव्वर परकार विचारतो,
घरी तुम्ही हिब्रू बोलता?
हिब्रू फक्त देवाशी, मी म्हणतो,
तेही ओळीखाली बोट धरून.
बायकोशी भांडायला मराठीच लागते.

गाव?
वाक्रूळ. पेणजवळ.
आणि त्याआधी?
त्याआधी नवगावच्या खडकावर फुटलेले एक गलबत,
आणि कुणीच लिहून न ठेवलेली
पुष्कळ वर्षे.

सण कुठले? सांगतो:
एका सणाला दार लावून घेतो आम्ही,
दिवसभर उपाशी.
आजी त्याला दारफाळणी म्हणायची,
योम किप्पूर हे नाव मला शाळेत कळले.

पणजोबांचा घाणा होता.
शनिवारी बैल सुटा, लाट गप्प,
म्हणून गाव म्हणे शनवारतेली.
मुनव्वर खिडकीबाहेर बघतो,
चिमणीवरची ज्योत
ना शुक्रवार ओळखते ना शनिवार.
म्हणजे तू तेलीच राहिलास की रे,
तो म्हणतो, आणि इतका हसतो
की चहा हेल्मेटवर सांडतो.

पुढच्या आठवड्यात पाळ्यांची अदलाबदल केली.
त्याच्या जुम्म्याची दुपार मी,
माझा शनिवार तो.

मलिद्याच्या दिवशी मुहर्रकहून
तो किलोभर खजूर घेऊन आला.
पोहे भिजत होते, नारळ खवलेला.
दारातच थांबून त्याने विचारले,
बिया काढायच्या, की तशाच ठेवायच्या?

एवढ्या प्रश्नांत हा एकच मला येईना.
दिमोनाला आईला फोन लावला.
ती म्हणाली,
आधी सांग, पाहुणा जेवला का?