साध्या पाण्यात

कबालेच्या डोंगरावर सकाळी नऊपर्यंत धुकं उठत नाही.
क्यारिसीमा बटाट्याचं झाड कापते, जमिनीपासून चार बोटांवर.
पानं अजून हिरवी, फक्त मान टाकलेली.
देठ ग्लासात धरते, पाण्याला जेमतेम टेकलेला.
"श्वास कशाला धरता?" मला म्हणते. "त्यांना घाई नसते."

मग उतरतो तो धागा,
दुधाळ, सरळ, न थरथरता तळाशी.
ह्यात किती असतील, मी विचारतो.
ती बोटांवर शून्यं मोजायला घेते आणि सोडून देते.

थोडे असतात तेव्हा हे जंतू पाहुण्यासारखे.
पोहतात, लोहाचे कण वेचतात,
मिळेल ते खातात, दुभंगतात. आधी पोटोबा.
पण दुभंगता दुभंगता प्रत्येक जण किंचित गंध सोडतो.
इथे वाटेवर कुणी भेटलं की विचारतात, "अगांडी?"
काय खबर?
तसंच.
दहा-वीस जणांनी विचारलं, तर झाडाच्या गावीही नसतं.
कोटींनी विचारलं की आत एक कळ दाबली जाते,
पोहणं थांबतं,
आणि घरातलं होतं नव्हतं ते वितळवून
सगळे खळ करायला बसतात.

खळ. माझ्या भाषेत सुती साडीला कडक करते ती,
आणि जुन्या पोथ्यांत दुष्टालाही हेच नाव.
झाडाच्या पाण्याच्या नळ्या तिने तुंबतात.
झाड तहानेने जातं,
पावसात उभं राहून.

खळ स्वस्त पडत नाही.
जो ती करतो, त्याची वाढ खुंटते.

मागे मावशीच्या मातीला किसोरोला गेली,
तेव्हा एक बशी टेबलावरच राहिली, आठ दिवस.
परत आली तर
पसरट, ओल्या, गुलाबी डोळ्याच्या पांढऱ्या ठिपक्यांत
काही नवे: बारके, गोल, गडद लाल, कोरडे.
"ह्यांची कळ मोडली," ती म्हणाली.
"आयतं जेवण. खळ कोण करणार?
नुसते वाढत सुटले."
टोमॅटोच्या देठात सुईने टोचले.
महिना झाला, टोमॅटो ताठ.

"म्हणजे पोटभर मिळालं की..." मी सुरू केलं.
"पुढचं बोलू नका," ती हसली.
"इथे येणारा प्रत्येक जण तेच बोलतो.
झाडात हे लाल टिकत नाहीत.
बशीतले शहाणे, बशीपुरते."

मग तिने फडताळ उघडलं.
बुचाच्या नळ्या, रांगेने. आत उकळून गार केलेलं साधं पाणी.
साखर नाही, मीठ नाही, काही नाही.
चिठ्ठ्यांवर ट्विनोमुजुनी सरांचं तिरकं अक्षर,
सर निवृत्त होऊन आता मधमाश्या पाळतात.
"ही माझ्या नोकरीच्या आधीची.
आज ओतली, तर पंधरवड्यात झाड आडवं."
तिने नळी उजेडाला धरली. पाणी, नुसतं पाणी.
"जेवू घातलं की विसरतात.
उपाशी ठेवले की सगळं ध्यानात राहतं."
हे तिने मला सांगितलं नाही, नळीला सांगितलं
आणि नळी जागेवर ठेवली.

ग्लास ब्लीचमध्ये बुडवला. बूट ब्लीचमध्ये.
धुकं उठलं होतं.
खालच्या बांधावरून कुणीतरी हाक दिली, "अगांडी?"
हातमोजे काढून होईपर्यंत ती थांबली,
मग म्हणाली, "नि मारुंगी." बरं आहे.
मी वाकून पाहिलं:
विचारणारा एकटाच होता.