सोहार ते मस्कत, तीन अंक

येन्स कायमचा परत गेला तेव्हा मला
एक कुकर, एक इस्त्री
आणि तीन सीडींचा डबा देऊन गेला.
कुकरची शिट्टी बसलेली. इस्त्री चालते.
डब्यावर एक बाई, हातात काचेची घंटा,
खाली संगीतकाराचं नाव, जे मला
अजून एका दमात म्हणता येत नाही.
"आमच्याकडेही कुणी ऐकत नाही हे," तो म्हणाला.
"तुझ्या गाडीला अजून सीडीची फट आहे."
माझी पात्रता एवढीच.

पुस्तिका फोनवर भाषांतर करून वाचली:
युद्धाआधीच्या एका हिवाळ्यात अकरा प्रयोग,
मग दुसऱ्या कुणाचं तरी जास्त गाजलं,
मग युद्ध, मग नोटा शेगडीत घालायचे दिवस,
मग आणखी एक युद्ध.
पुढे एका रेडिओवाल्याने समोर माणसं बसवून
एका रात्रीपुरतं ते उभं केलं.
तेवढंच उरलंय.

पहिला अंक सुवैकपर्यंत पुरतो.
व्हायोलिनं सगळी एकदम आत येतात,
विमानाचं दार उघडलं की जूनची हवा येते तशी,
अंगावर, चष्म्यावर.
काच फुंकणारा घंटा करतो. तिच्यात त्याचा दम जातो,
खरोखरचा दम, छातीतला.
वाजवायची नाही, असं तो बायकोला बजावतो
आणि मरतो. मरायला त्याला वीस मिनिटं लागतात,
पण एकही मिनिट फुकट नाही.
पंपावरच्या मोकलेसने विचारलं, "बाई रडतेय का?"
म्हटलं नाही, ती मोजतेय.
मला जर्मन येत नाही. पण मोजणं कळतं.

दुसऱ्या अंकात थोडं पाणी आहे, खोटं कशाला बोलू.
गावकरी फार वेळ गातात. मुसन्नाला मी शावरमा खातो.

तिसऱ्यात, बरका सोडल्यावर, ती घंटा हलवते.
आणि सगळा वाद्यवृंद थांबतो.
घंटेचा आवाज त्या माणसाने लिहिलेलाच नाही.
लिहिलीय फक्त शांतता.
एवढ्यासाठी तरी अकराचे बारा व्हायला हवे होते.

त्या शांततेत, चौथ्या खेपेला, एसी बंद होता म्हणून,
मला तिसरंच कुणी ऐकू आलं.
गाणारी नव्हे. खाली, लाकडाच्या आतून,
कुजबुज: "फेरगि..."

हे मी कुठेही ओळखेन.
चिपळूणच्या स्पर्धेत बाबा विंगेत बसायचे,
मांडीवर वही, विजेरीला निळा जिलेटिन कागद.
हँडबिलात नाव शेवटून दुसरं, चहावाल्याच्या आधी.
"शब्द अर्धा द्यायचा," म्हणायचे,
"पुरा दिलास तर तो नट राहत नाही, पोपट होतो."
पहिल्या रांगेतले हसायचे: प्रॉम्प्टर छान बोलला हो!
बाबांची एकही टेप नाही.
ज्यांनी वाक्यं घेतली, त्यांच्या आहेत.

आणि इथे हा, नाव पुस्तिकेतही नसलेला,
बाईच्या आधी अर्ध्या श्वासाने पोचलेला.
ती शब्द उचलते, उंच नेते, खूप उंच,
आणि नेमका शेवट
प्रेक्षकांतला कुणीतरी खोकून टाकतो.

येन्सला विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं:
फेरगिप असेल तर क्षमा कर.
फेरगिस असेल तर विसर.
संहिता कुठे मिळेल, त्याला माहीत नाही.
दोन्ही बसतं, म्हणाला, आणि कुकर कसा आहे?

आता दर दुसऱ्या गुरुवारी
बरक्याच्या पुलाजवळ मी मागे नेतो,
काच वर, एसी बंद, शर्ट पाठीला चिकटलेला.
फेरगि...
मग खोकला.
मागचा कलिंगडांचा ट्रक हॉर्न देतो.
थांब रे, म्हणतो मी आरशात,
वाक्य यायचंय.