सरकी

एकतिसाव्या दिवशी, पहाटे लाईन गेलेली,
मोबाइलच्या उजेडात पाहिलं :
सरकी स्वतःच्याच पोटाचे केस उपटत होती.
तोंडात धरायची, खोक्यात न्यायची,
अंथरायची,
पुन्हा उपटायची.

पलीकडच्या खोलीत कापूस
पत्र्याला टेकलेला, तिसऱ्या वेच्याचा.
ओंजळभर आणून दिला.
तिनं हुंगला
आणि पायानं बाहेर लोटला.
श्रावस्ती म्हणाली, बाबा,
तिले आपला नाही पाहिजे.

उजाडलं तेव्हा सात.
ओल्या शेंगेतल्या दाण्यांसारखी,
गुलाबी, डोळे मिटलेली,
केसांचा ढीग त्यांच्यावर हलत होता
पातेल्यावरच्या झाकणासारखा.
एक थंड होतं.
ते मी पोरगी तोंड धुवायला गेली तेव्हा उचललं,
पेरूखाली नेलं,
आणि सहा आहेत म्हणून सांगितलं.

मग सरकी कोपऱ्यात जाऊन बसली, पाठ करून.
सकाळ गेली, दुपार गेली.
लसूणघास खाल्ला, कान धुतले,
खोक्याकडे ढुंकून पाहिलं नाही.
माझ्या दुकानात जळालेल्या मोटारी रांगेत पडलेल्या,
मी मात्र शेळीचं दूध आणि ड्रॉपर घेऊन
पिंजऱ्यापुढे उकिडवा.

ढोरांच्या दवाखान्यातले चंपतराव आले,
ड्रॉपर आधी माझ्या हातातून काढून घेतला.
म्हणाले, लेकरायचं पोट पाह्य. गोल हाय ना?
मंग पेली म्हणून समज.
दिवसभर जवळ बसली तर वास लागते, बोका येते.
थे दूर राहते
म्हणून तर जगतात.

तांब्याची तार मोजायचा काटा होता दुकानात.
त्यावर रोज सहा जणं, एकेक करून.
आधी हात मातीनं घासायचे, वार्निशचा वास जाईस्तोवर,
मग सरकीच्या पाठीवरून फिरवायचे,
मग उचलायचं.
बेचाळीस ग्रॅम. पंचेचाळीस.
सगळ्यात लहान अडतीसवर अडलेलं,
त्याच्यापाशी श्रावस्ती श्वास धरून.

एप्रिलनं पत्रा तापवला.
पिंजऱ्यावर ओलं पोतं, पण खोक्यात थेंब जाऊ द्यायचा नाही.
फ्रीजमधली बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली,
सरकी तिला टेकून झोपायची,
पोटावर केस नव्हतेच आता,
नुसती कातडी, लालसर.

एका रात्री जागलोच.
साडेचारला ती टुणकन खोक्यात.
खाली सहा तोंडं वर झालेली,
चुकचुक, चुकचुक.
चार मिनिटं. घड्याळ लावून मोजली.
चाटणं नाही, थांबणं नाही,
बाहेर आली आणि पाणी प्यायली.

माझी आई, पंचफुला, जिनिंगमध्ये होती.
जायची तेव्हा मी झोपेत,
यायची तेव्हाही.
भुवयांत कापूस, कानामागे कापूस,
खोकली की कळायचं, आली.
ती जवळ बसलेली आठवायला जातो
तर बसलेली सापडतच नाही कुठं.
पोट मात्र
कधी रिकामं आठवत नाही.

अकराव्या दिवशी डोळे उघडले.
लहानग्याचा आधी एकच,
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं उधारीवाल्याकडे पाहतात.
काटा सांगत होता, एकशे दहा.
श्रावस्ती वहीत आकडा लिहिता लिहिता म्हणाली,
बाबा, सात होते ना?
पेरूखालची माती मी पाह्यली होती.
मी तार गुंडाळत राहिलो.
तिनं पुढचं पिल्लू काट्यावर ठेवलं.

आणि अठराव्या दिवशी हा लहानगा
काट्यावरून उडाला,
उंबऱ्यावरून उडाला,
थेट कापसात.
पांढऱ्यात पांढरं.
आम्ही बापलेक गुडघ्यावर,
मिठीमिठीनं कापूस उपसत,
नाकात कापूस, तोंडात कापूस,
चंपतराव दारातून ओरडून राहिले, पाय नका देऊ, पाय नका देऊ.
सरकी पिंजऱ्यात निवांत घास चावत होती.
तिला घाई नव्हती.

शेवटी, कोपऱ्यातून,
कापूसच शिंकला.